वाचकांचे प्रश्न : तिकीट स्वस्त, प्रवास महाग

विमानप्रवासाच्या खर्चाविषयी आलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रांना या वेळी उत्तरे देत आहोत. बहुतेक पत्रांचा रोख एकच आहे, तो म्हणजे स्वस्त तिकीट कसे मिळवावे. हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर पुढे दिलेच आहे. मात्र पत्रे वाचताना असे जाणवले की, तिकीट काढून झाल्यावर वाढीव सामान, टॅक्सी आणि रद्द केलेल्या तिकिटाचा न मागितलेला परतावा या वाटांनी जो पैसा जातो, तो तिकिटात वाचवलेल्या पैशापेक्षा पुष्कळदा जास्त असतो, आणि त्याचा हिशेब कोणी ठेवत नाही. त्यामुळे उत्तरांत या बाजूवर अधिक भर दिला आहे.

प्रश्न : दिवाळीत आम्ही चौघे पुण्याहून दिल्लीला जाणार आहोत. एका माणसाचे भाडे पाहिले तेव्हा कमी दिसले. चौघांचे पाहिले तेव्हा प्रत्येकी बरेच जास्त दिसले. पुन्हा पुन्हा पाहिल्यामुळे भाडे वाढते असे शेजारी सांगतात. हे खरे आहे का? – एक वाचक, सातारा

उत्तर : आपण पुन्हा पुन्हा शोध घेतला म्हणून भाडे वाढते, या समजुतीला ठोस आधार नाही. आपल्या अनुभवामागचे कारण निराळे आहे आणि ते समजून घेतले तर त्याचा उपयोगही करून घेता येतो.

विमानातील एकाच वर्गाच्या सगळ्या जागा एकाच किमतीला विकल्या जात नाहीत. कंपनी त्या जागांचे गट पाडते आणि प्रत्येक गटाला वेगळे भाडे लावते. स्वस्त गटातील जागा आधी विकल्या जातात, त्या संपल्या की विक्री वरच्या गटात सरकते. आपण चौघांची तिकिटे एकत्र मागता तेव्हा संगणक चारही जागा एकाच गटातून देऊ पाहतो. समजा, ४,२०० रुपयांच्या गटात तीनच जागा उरल्या आहेत आणि त्याच्या वरचा गट ५,६०० रुपयांचा आहे. अशा वेळी स्वस्त गटात चार जागा नाहीत म्हणून चौघांनाही ५,६०० रुपयांचे भाडे दाखवले जाते आणि एकूण रक्कम २२,४०० रुपये होते. हीच तिकिटे आपण तीन आणि एक अशी दोन वेळा काढली, तर १८,२०० रुपयांत काम होते. हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत, पण हिशेब असाच चालतो. म्हणून कुटुंबासाठी तिकिटे काढण्यापूर्वी एकाचे, दोघांचे, तिघांचे असे भाडे क्रमाने पाहावे, आणि जिथे आकडा उडी मारतो तिथे तिकिटे विभागावीत.

याची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी. तिकिटे दोन वेगवेगळ्या आरक्षण क्रमांकांवर निघाली की कंपनीच्या लेखी आपण दोन वेगळे प्रवासी गट होता. विमान रद्द होऊन पर्यायी विमान देण्याची वेळ आली, तर दोन्ही गटांना एकाच विमानात जागा मिळेलच असे नाही, आणि सामानाचे वजनही एकत्र धरले जात नाही. लहान मूल किंवा वयस्कर माणूस बरोबर असेल तर त्याचे तिकीट सांभाळणाऱ्या माणसाच्याच आरक्षण क्रमांकावर असले पाहिजे. चार-दोनशे रुपयांसाठी ही ताटातूट करू नये.

दिवाळीच्या तिकिटांबद्दल एवढेच सांगता येईल की, सणाच्या दिवसांत शेवटच्या घटकेला भाडे उतरेल या आशेवर राहू नये. तारीख मागेपुढे करणे शक्य असेल तर वसुबारस-धनत्रयोदशीच्या सुमाराची गर्दी टाळून ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवसाचे भाडे पाहावे आणि भाऊबीज उलटल्यावर लगेच न परतता दोन-तीन दिवस थांबण्याचा विचार करावा. मात्र पुण्याहून मध्यरात्रीनंतर सुटणारे विमान स्वस्त दिसले म्हणून लगेच घेऊ नये. त्यासाठी साताऱ्याहून रात्री गाडी ठरवून निघावे लागेल, आणि त्या गाडीचे भाडे चौघांच्या बचतीतून वजा करूनच निर्णय घ्यावा.

पैसे भरण्याच्या पानावरही थोडे थांबावे. सोयीचे शुल्क म्हणून जी रक्कम लावली जाते, ती सामान्यतः प्रत्येक प्रवाशामागे आणि प्रत्येक टप्प्यामागे असते, त्यामुळे चौघांच्या जाण्यायेण्यात ती आठ वेळा मोजली जाते. पैसे भरण्याचा मार्ग बदलला की ती अनेकदा कमी होते. तसेच विमा, खाणे, आवडीची जागा किंवा देणगी यांपुढे आधीच खूण केलेली नाही ना, हे तपासावे. ग्राहकाने न मागितलेली वस्तू त्याच्या बिलात घालणे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अनुचित ठरते, आणि अशा जादा सेवा प्रवाशाने स्वतः निवडल्याशिवाय लावू नयेत असा विमान वाहतूक महासंचालनालयाचाही नियम आहे.

प्रश्न : आईच्या आजारपणामुळे मला तिकीट रद्द करावे लागले. एजंट म्हणतो, हे सवलतीचे तिकीट होते, त्यामुळे एक रुपयाही परत मिळणार नाही. मी गप्प बसावे का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : गप्प बसू नये. या स्तंभात एकाच प्रश्नाला जागा द्यायची असती तर तो हाच प्रश्न निवडला असता, कारण ‘परत मिळणार नाही’ हे शब्द ऐकून हक्काचे पैसे सोडून देणारे असंख्य प्रवासी आहेत.

आपले तिकीट एकदा बारकाईने पाहा. शेवटच्या बेरजेच्या वर छोट्या अक्षरांत चार-पाच ओळी असतात. पहिली ओळ मूळ भाड्याची असते, काही तिकिटांवर इंधन अधिभाराची वेगळी ओळ असते. त्याखाली वापरकर्ता विकास शुल्क, प्रवासी सुरक्षेचे शुल्क आणि वस्तू व सेवा कर अशा ओळी येतात. पहिल्या एक-दोन ओळींतील पैसा कंपनीचा आहे. खालच्या ओळींतील पैसा कंपनीने सरकारसाठी आणि विमानतळासाठी आपल्याकडून गोळा केलेला आहे, आणि प्रवास झालाच नाही तर तो ठेवून घेण्याचा अधिकार कंपनीला नाही.

विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम याबाबत स्पष्ट आहे. तिकीट रद्द केले असो, वापरले नसो किंवा प्रवासी विमानतळावर पोहोचलाच नसो, सर्व वैधानिक कर आणि विमानतळाची शुल्के परत केलीच पाहिजेत, आणि मूळ भाडे परत न मिळणाऱ्या सवलतीच्या तिकिटांनाही हा नियम लागू आहे. रद्द करण्याचे शुल्क कितीही लावले तरी ते मूळ भाडे आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त असू शकत नाही. परतावा देण्याच्या कामासाठी म्हणून कंपनीला वेगळे पैसे कापता येत नाहीत. स्वस्त तिकिटात या शुल्कांचा वाटा मोठा असतो, त्यामुळे ही रक्कम किरकोळ समजू नये.

एजंटाने हात वर केले तरी जबाबदारी संपत नाही. एजंट आणि तिकिटांची संकेतस्थळे ही कंपनीची नेमलेली प्रतिनिधी मानली जातात, त्यामुळे परताव्याची जबाबदारी कंपनीवरच राहते. आपण कंपनीला आरक्षण क्रमांकासह ईमेल लिहावा आणि मूळ भाडे, इंधन अधिभार, कर, विमानतळ शुल्के अशी फोड करून परताव्याचा हिशेब मागावा. फोनवर तोंडी विचारणा करून उपयोग होत नाही, लेखी मागणीच करावी. उत्तर आले नाही किंवा समाधानकारक आले नाही, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या ‘एअरसेवा’ या व्यवस्थेवर तक्रार नोंदवावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांकही आहे.

आणखी दोन गोष्टी. परतावा रोख न देता पुढच्या तिकिटासाठी कंपनीकडेच जमा ठेवण्याचा पर्याय पुढे केला जातो. तो घ्यायचा की नाही हे प्रवाशाने ठरवायचे असते, कंपनीने परस्पर ठरवायचे नसते. वर्षातून एखाद्या वेळी विमानाने जाणाऱ्या माणसाने तो घेऊ नये, कारण मुदत संपली की पैसे बुडतात. दुसरे असे की, देशांतर्गत प्रवासाला सात दिवस किंवा त्याहून अधिक अवधी असेल आणि तिकीट थेट कंपनीच्या संकेतस्थळावरून काढले असेल, तर काढल्यापासून किमान चोवीस तास ते रद्द करण्याची किंवा बदलण्याची मुभा असते आणि त्यासाठी रद्द करण्याचे शुल्क लागत नाही. नावातील चूकही या अवधीत दाखवून दिली तर विनाशुल्क दुरुस्त करून मिळते. म्हणून तिकीट हाती आल्याबरोबर नाव, तारीख आणि वेळ वाचण्याची सवय ठेवावी. रात्री १२ वाजून १० मिनिटांचे विमान म्हणजे आदल्या रात्री घरातून निघायचे विमान, ही गफलत फार जणांची होते आणि ती महाग पडते.

प्रश्न : आम्ही दोघे मुलीकडे बेंगळुरूला विमानाने जाणार आहोत. तिच्यासाठी चटणी, गूळ, काकवी, लोणचे, लाडू न्यायचे आहेत. मागच्या वेळी वजन जास्त भरले आणि बरेच पैसे पडले. काय करावे? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : देशांतर्गत प्रवासात साध्या वर्गाच्या तिकिटावर सामान्यतः पंधरा किलो सामान विमानाच्या पोटात आणि सात किलो हातात नेता येते. आपली दोघांची तिकिटे एकाच आरक्षण क्रमांकावर असतील तर बहुतेक कंपन्या दोघांचे वजन एकत्र धरतात, म्हणजे एक बॅग १९ किलोची आणि दुसरी ११ किलोची असली तरी चालते. तिकीट काढतानाच याचा विचार व्हावा. मात्र काही कंपन्यांची माणशी एकाच नगाची अट असते. वजन मर्यादेत असूनही पिशव्या तीन झाल्या म्हणून पैसे भरावे लागलेले प्रवासी आहेत. गुळाची ढेप वेगळ्या पिशवीत न ठेवता मोठ्या बॅगेतच बसवावी.

वजन घरीच करावे. हुकाला बॅग अडकवून उचलायचा छोटा काटा बाजारात मिळतो, तो नसेल तर वाण्याच्या दुकानातील काटा पुरेसा आहे. वजन जास्त भरतच असेल तर जादा किलो घरूनच, कंपनीच्या संकेतस्थळावरून विकत घ्यावेत. ते तीन, पाच, दहा किलो अशा टप्प्यांत मिळतात आणि विमानतळावरील खिडकीच्या प्रतिकिलो दरापेक्षा स्वस्त पडतात. खिडकीवर एकदा बॅग काट्यावर चढली की आपल्याला घासाघीस करायला वाव राहत नाही.

कोणता पदार्थ कुठे ठेवायचा, यावर पुष्कळ अवलंबून आहे. लोणचे, तूप, काकवी असे तेलकट किंवा पातळ पदार्थ आणि तिखट-मसाला सुरक्षा तपासणीत हातातल्या सामानातून काढून टाकले जातात, म्हणून ते नीट बांधून मोठ्या बॅगेत टाकावेत. लाडू, चिवडा, चकल्या, भाकऱ्या हातात चालतात, तेव्हा सात किलोंची जागा त्यांनी भरावी. सुके खोबरे मात्र मोठ्या बॅगेतही चालत नाही, कारण त्यातील तेलामुळे ते पेट घेणाऱ्या पदार्थांत मोडते. ओटीचा नारळ हातातल्या पिशवीत ठेवू नये. उलट मोबाइलची पॉवर बँक हातातच ठेवावी लागते, ती मोठ्या बॅगेत सापडली तर बॅग उघडायला बोलावतात आणि त्या धावपळीत विमान चुकण्याची वेळ येते. जड आणि नाशवंत नसलेले जिन्नस टपाल खात्याच्या पार्सलने चार दिवस आधी पाठवून देण्याचा साधा उपाय लोक विसरून गेले आहेत, तोही करून पाहावा.

प्रश्न : मुलगा दिल्लीला असतो. गोव्यातील दोन विमानतळांपैकी दाबोळीचे तिकीट मोपापेक्षा कधी कधी स्वस्त दिसते. ते घ्यावे का? माझी बहीण डोंबिवलीला राहते, ती विचारते की तिने मुंबई धरावी की नवी मुंबई? – एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : घराच्या दारापासून मुक्कामाच्या दारापर्यंतचा खर्च कागदावर मांडला की या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळते. मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ पेडणे तालुक्यात आहे, सावंतवाडीहून तो जवळ पडतो. दाबोळी पार वास्कोजवळ आहे, म्हणजे मांडवी आणि झुआरी या दोन्ही नद्या ओलांडून जावे लागते. गोव्यातील टॅक्सीचे दर चढे आहेत, त्यामुळे तिकिटात वाचलेले सात-आठशे रुपये पणजीपर्यंतही पुरणार नाहीत. मडगावच्या माणसासाठी हाच हिशेब उलटा होतो, त्याने दाबोळीच पाहावे. मोपाहून कदंब परिवहनच्या बसगाड्या पणजी आणि मडगावकडे जातात. एकट्या प्रवाशाला आणि हातात एकच बॅग असलेल्याला त्या फार सोयीच्या आहेत, फक्त आपले विमान उतरण्याच्या वेळेला बस आहे का, हे आधी पाहून ठेवावे. चिपीचा सिंधुदुर्ग विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला तेव्हा जिल्ह्याला मोठी आशा होती. पण तेथील उड्डाणे मोजकी आणि अनिश्चित राहिली आहेत. तिथून विमान मिळत असेल तर जरूर घ्यावे, पण त्या भरवशावर पुढच्या प्रवासाची आखणी करू नये.

आपल्या भगिनींसाठी : नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी उड्डाणे सुरू झाली. डोंबिवलीहून अंतराच्या दृष्टीने दोन्ही ठिकाणे जाण्याजोगी आहेत, म्हणून तिथे प्रश्न वाहनाचा आणि शुल्काचा उरतो. वर ज्या वापरकर्ता विकास शुल्काचा उल्लेख आला, ते प्रत्येक विमानतळाचे वेगळे असते. नवी मुंबईला देशांतर्गत प्रवासासाठी निघणाऱ्या प्रवाशामागे सुरुवातीच्या काळाकरिता ६२० रुपये मंजूर झाले होते, ही रक्कम मुंबईच्या जुन्या विमानतळाच्या शुल्कापेक्षा पुष्कळ जास्त आहे. ते तिकिटातच धरलेले असते, त्यामुळे तुलना करताना मूळ भाडे न पाहता शेवटची बेरीज पाहावी.

मुंबईच्या विमानतळाबाबत मोठा बदल मेट्रोमुळे झाला आहे. आरे ते कफ परेड ही तिसरी मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली, तिची दोन्ही टर्मिनलना स्थानके आहेत आणि या टोकापासून त्या टोकापर्यंतचे भाडेही ७० रुपये आहे. दक्षिण मुंबईतून किंवा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून येणाऱ्या प्रवाशाचे टॅक्सीचे शेकडो रुपये यात वाचतात. पहाटेच्या विमानाला मात्र मेट्रोचा उपयोग नाही, कारण तिची पहिली फेरी सकाळी सहाच्या सुमारास असते. पहाटेचे तिकीट स्वस्त का, याचे एक उत्तर इथे आहे : त्या वेळी विमानतळावर पोहोचण्याचा खर्च प्रवाशाच्या माथी येतो. नागपूरच्या वाचकांना मेट्रोचे विमानतळ स्थानक आधीपासूनच उपलब्ध आहे.

प्रश्न : विमानतळावर चहा-समोसा घ्यायचा म्हटले तरी दोन-तीनशे रुपये जातात. काही उपाय? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : घरून डबा न्यावा. पोळी-भाजी, थालीपीठ, दशम्या नेण्यास कोणतीही मनाई नाही, आणि विमानतळावर बसून डबा खाण्यात कमीपणा तर मुळीच नाही. पाण्याची रिकामी बाटली जवळ ठेवावी, सुरक्षा तपासणीनंतर पिण्याच्या पाण्याचे नळ असतात. सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये कोलकाता विमानतळावर ‘उडान यात्री कॅफे’ सुरू केला. तिथे चहा आणि पाणी प्रत्येकी १० रुपयांना आणि समोसा २० रुपयांना ठेवण्यात आला. पुढे चेन्नई, पुणे आणि आणखी काही विमानतळांवर अशी दुकाने निघाली. ती सहसा झगमगीत दुकानांच्या रांगेत चटकन दिसत नाहीत, विचारून शोधावीत. बँकेच्या कार्डावर लाउंजचा लाभ आहे असे वाटत असेल तर आधी अटी वाचाव्यात, कारण अनेक बँकांनी त्यासाठी मागच्या तिमाहीत ठरावीक खर्च झालेला असण्याची अट घातली आहे.

प्रश्न : नागपूर–मुंबई विमान साडेचार तास उशिरा सुटले. कोणी पाणीही विचारले नाही. सर्वांनी पदरचे पैसे घालून खाल्ले. अशा वेळी प्रवाशाचा काही हक्क असतो का? – एक वाचक, वर्धा

उत्तर : असतो, आणि तो मागितल्याशिवाय मिळत नाही हे दुर्दैव आहे. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांहून जास्त उशीर होणार असेल, तर वेळेवर हजर झालेल्या प्रवाशांना खाणे आणि पेय देणे कंपनीवर बंधनकारक असते. अडीच ते पाच तासांच्या उड्डाणाला ही मर्यादा तीन तासांची, आणि त्याहून लांबच्या उड्डाणाला चार तासांची आहे. नागपूर–मुंबई पहिल्या प्रकारात मोडते, म्हणजे आपल्याला दोन तासांनंतरच खाणे मिळायला हवे होते. देशांतर्गत विमानाला सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल तर पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा, यांतील एक निवडण्याचा हक्क प्रवाशाला आहे. रात्री आठ ते पहाटे तीन या वेळेत सुटणाऱ्या विमानाला सहा तासांहून जास्त उशीर झाला तर हॉटेलची सोय करावी लागते.

विमान रद्द झाले आणि आधी कळवले नाही, तर परताव्याशिवाय किंवा पर्यायी विमानाशिवाय नुकसानभरपाईही मिळते. तासाभरापर्यंतच्या उड्डाणाला ५,०००, दोन तासांपर्यंतच्या उड्डाणाला ७,५०० आणि त्याहून लांबच्या उड्डाणाला १०,००० रुपये, किंवा एका बाजूचे मूळ भाडे अधिक इंधन अधिभार, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती. दाट धुके, वादळ, संप अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांसाठी ही रोख भरपाई देणे बंधनकारक नाही. तरीही खाण्यापिण्याची सोय मागून पाहावी, पुष्कळदा ती केली जाते.

इथे एक बारीक अट आहे आणि ती आपल्याकडच्या प्रवाशांना हमखास नडते. तिकीट काढताना संपर्काचा पुरेसा तपशील दिलेला नसेल तर नुकसानभरपाई देय नसते. एजंट किंवा गल्लीतला ऑनलाइन केंद्रवाला अनेकदा आपलाच मोबाइल क्रमांक आणि आपलाच ईमेल टाकतो. विमान रद्द झाल्याचा निरोप त्याच्या मोबाइलवर जातो, प्रवासी वर्ध्याहून गाडी करून नागपूरला पोहोचतो आणि कंपनी सांगते, आम्ही तर कळवले होते. तिकीट कोणीही काढून देवो, त्यावर क्रमांक आपलाच असला पाहिजे, असा आग्रह धरावा.

खाण्याची मागणी खिडकीवर जाऊन करावी आणि नाकारली तर उशिराची वेळ दाखवणाऱ्या फलकाचे छायाचित्र, बोर्डिंग पास आणि खाण्याची बिले जपून ठेवून तक्रारीसोबत जोडावीत. आपल्या बाबतीत बिले असतील तर अजूनही लेखी मागणी करायला हरकत नाही.

प्रश्न : आईवडील प्रथमच मुंबईमार्गे जर्मनीला जात आहेत. नागपूर–मुंबई तिकीट वेगळे काढले तर स्वस्त पडते. – एक वाचक, अमरावती

उत्तर : वेगळे काढू नये, असे आग्रहाने सांगतो. वेगळ्या तिकिटावर नागपूर–मुंबई टप्प्याला देशांतर्गत मर्यादा लागू होऊ शकते, म्हणजे परदेशी विमानात २३ किलो चालणाऱ्या बॅगेसाठी नागपुरातच आठ किलोंचे पैसे मोजावे लागतात. शिवाय पहिले विमान उशिरा पोहोचून दुसरे चुकले तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही, आणि ऐन वेळचे जर्मनीचे तिकीट घेण्याची पाळी दोन वयस्कर माणसांवर येते. एकाच तिकिटावर दोन्ही टप्पे असतील तर बॅगा सामान्यतः थेट शेवटच्या मुक्कामाला जातात आणि विमान चुकल्यास पुढची सोय कंपनीला पाहावी लागते.

परकीय चलन विमानतळावर घेऊ नये, तिथला दर शहरातील बँकेपेक्षा वाईट असतो. तिकडे कार्डाने पैसे देताना यंत्रावर ‘रुपयांत की युरोत’ असा प्रश्न येतो. अशा वेळी युरो निवडावेत, कारण रुपये निवडले की दुकानाच्या बाजूचा चढा विनिमय दर लागतो. परतीच्या टॅक्सीसाठी भारतीय नोटा जवळ ठेवता येतात, त्याची मर्यादा माणशी २५,००० रुपये आहे. चालण्याचा त्रास असेल तर चाकांच्या खुर्चीची मागणी तिकीट काढताना किंवा किमान ४८ तास आधी नोंदवावी. गरजू प्रवाशाला ही सेवा विनामूल्य आहे, ढकलणाऱ्याला पैसे देणे बंधनकारक नाही.

प्रश्न : वेब चेक-इन करताना प्रत्येक जागेपुढे पैसे दिसतात. बरोबर सहा वर्षांचा नातू आहे. जागा विकत घ्यावीच लागते का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. जागा न निवडता पुढे जाण्याची वाट त्या पानावर असते, ती बहुधा खालच्या कोपऱ्यात, फिक्या अक्षरांत दिसते. ती सापडली नाही तर विमानतळावरील खिडकीवर उरलेल्या जागांपैकी जागा विनामूल्य मिळते, आणि खिडकीवर बोर्डिंग पास छापून देण्यासाठी वेगळे पैसे घेऊ नयेत असे मंत्रालयाने जुलै २०२२ मध्ये कंपन्यांना बजावले आहे. नातवाची काळजी नको. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच आरक्षण क्रमांकावरील किमान एका पालकाशेजारी जागा द्यावी, असा महासंचालनालयाचा एप्रिल २०२४ चा आदेश आहे. फक्त त्याचे तिकीट आपल्यापैकी एकाच्या तिकिटासोबत काढलेले असावे, आणि खिडकीवर थोडे लवकर पोहोचावे.